प्रतिपक्षाचा मुजरा

आपल्या बाजूच्या सेनापतीला डोक्यावर घ्यायला फारशी थोरवी लागत नाही. तो विजय मिळवून देतो, आपण त्याचा जयजयकार करतो. हा एक प्रकारचा रोखीचा व्यवहारच आहे. परंतु ज्याने आपल्याला वारंवार हरवले, ज्याच्यामुळे कितीतरी शनिवारच्या संध्याकाळी आपल्या घरात सुतक पाळल्यासारख्या गेल्या, त्या माणसाविषयी मनात आदर आणि त्याहीपलीकडे जिव्हाळा वाटावा, ही गोष्ट दुर्मिळ होय. इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील फुटबॉलच्या इतिहासात ती घडली आहे, आणि तीही अशा शहरांत, जिथे दोन क्लबांमधील वैर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. मॅट बझ्बी, बिल शँक्ली आणि जॉक स्टीन या तीन पुरुषांची ही कथा आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत फुटबॉलचे वेड आहे. तरीही आम्ही ही कथा सांगतो आहोत ती केवळ खेळाच्या प्रेमापोटी नव्हे. एका गटाशी संपूर्ण निष्ठा ठेवूनही दुसऱ्या गटाच्या अंतःकरणात जागा मिळवता येते काय, हा प्रश्न मैदानापुरता उरत नाही. ज्या समाजात चार माणसे एकत्र राहतात आणि दोन तट पडतात, त्या प्रत्येक समाजाचा तो प्रश्न आहे.

आरंभी एक खुलासा करणे इष्ट ठरेल. ब्रिटनमध्ये ज्याला ‘मॅनेजर’ म्हणतात, त्याचे काम आपल्याकडील कचेरीतल्या मॅनेजरसारखे नसते. संघ निवडणे, खेळाडू विकत घेणे व विकणे, सराव घेणे, डावपेच आखणे आणि पराभवानंतर लोकांसमोर उभे राहून उत्तर देणे, हे सर्व त्याच्याकडे असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक क्लबांत संघनिवडीवर संचालक मंडळाचीच हुकमत चाले. ही सत्ता स्वतःच्या हाती घेणाऱ्या पहिल्या पिढीतील अग्रणी म्हणून या तिघांची नावे घ्यावी लागतात. त्यामुळे क्लबाचा चेहरा म्हणजे मॅनेजरचा चेहरा, असे समीकरण रूढ झाले. प्रतिपक्षाचा राग असला तर तोही प्रथम याच चेहऱ्यावर निघे.

कोळशाच्या पोटातून

तिघेही स्कॉटलंडच्या कोळसापट्टीत जन्मले. बझ्बी यांचा जन्म २६ मे १९०९ रोजी लॅनर्कशायरमधील बेल्सहिलजवळच्या ऑर्बिस्टन या खाणकामगारांच्या वस्तीत झाला. कुटुंब कॅथलिक. वडील पहिल्या महायुद्धात १९१७ साली आरास येथील लढाईत मारले गेले, तेव्हा मॅट आठ वर्षांचाही नव्हता. शँक्ली यांचा जन्म २ सप्टेंबर १९१३ रोजी एअरशायरमधील ग्लेनबक या खेड्यात झाला. दहा भावंडांचे ते घर होते. या एवढ्याशा खेड्याने सुमारे पन्नास व्यावसायिक फुटबॉलपटू दिले. पुढे खाणी बंद पडल्या आणि खेडेही जवळजवळ नामशेष झाले. स्टीन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी हॅमिल्टनजवळच्या बर्नबँक येथे प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. ऑर्बिस्टन आणि बर्नबँक ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

तिघांनीही तरुणपणी खाणीत काम केले. स्टीन तर आल्बियन रोव्हर्स या लहान क्लबाकडून खेळू लागल्यानंतरही कित्येक वर्षे आठवडाभर खाणीत उतरत आणि शनिवारी मैदानात. खाणीतील जीवनाने या माणसांवर कोणते संस्कार केले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. जमिनीखाली शेजारी काम करणारा मनुष्य कोणत्या देवळात जातो, याला महत्त्व नसते. छत कोसळू लागले की त्याचा हात आपल्याला धरावा लागतो किंवा आपला हात त्याला. वर उजेडात आल्यावर गल्ल्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, प्रार्थना वेगळ्या. खाली मात्र सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे. या तिघांच्या पुढील वर्तनाचा उगम आम्हांला येथे दिसतो.

दोन घरांचा पाहुणा

बझ्बी यांचे नाव मँचेस्टर युनायटेड या क्लबाशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु खेळाडू म्हणून ते या क्लबाकडून कधीच खेळले नाहीत. १९२८ साली ते दाखल झाले ते युनायटेडचा सख्खा शेजारी आणि तितकाच सख्खा वैरी असलेल्या मँचेस्टर सिटीत. १९३४ साली सिटीने पोर्ट्समथचा २-१ असा पराभव करून एफ. ए. करंडक जिंकला, त्या संघात बझ्बी होते. त्याच संघाचा गोलरक्षक होता फ्रँक स्विफ्ट, वय अवघे वीस. अंतिम शिट्टी वाजताच ताणामुळे हा तरुण मैदानातच मूर्च्छित पडला होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९३६ साली बझ्बी लिव्हरपूलला गेले आणि तेथे कर्णधार झाले. १९३९ साली डरहॅमच्या खाणपट्टीतून आलेल्या बॉब पेस्ली नावाच्या नवख्या तरुणाला त्यांनी आपल्या पंखाखाली घेतले. हाच पेस्ली पुढे लिव्हरपूलचा यशस्वी मॅनेजर झाला. महायुद्ध संपत आले तेव्हा लिव्हरपूलने बझ्बींना प्रशिक्षकाची जागा देऊ केली होती. त्यांनी मात्र युनायटेडचे निमंत्रण स्वीकारले, कारण संघाविषयीचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक त्यांना हवी होती. अशा रीतीने, ज्या दोन क्लबांशी युनायटेडचे हाडवैर, त्या दोन्ही क्लबांचे मीठ खाल्लेला मनुष्य १९४५ साली युनायटेडच्या गादीवर बसला.

गादी म्हणावी तर ती मोडकीच होती. मार्च १९४१ मधील जर्मन बाँबहल्ल्यात युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झाले होते. सामने भरवायचे कोठे? शेजारच्या सिटीने आपले मेन रोड मैदान भाड्याने दिले. युद्ध संपल्यानंतरही १९४९ पर्यंत युनायटेडचे ‘घरचे’ सामने प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात झाले. जानेवारी १९४८ मध्ये युनायटेड आणि आर्सेनल यांच्या सामन्याला याच मेन रोडवर सुमारे ८३ हजार प्रेक्षक जमले होते. आज या दोन क्लबांच्या अनुयायांची एकमेकांवरची शेरेबाजी ऐकणाऱ्याला हे खरे वाटणार नाही. पण ज्या वर्षांत बझ्बींनी आपला पहिला थोर संघ उभा केला, ती सारी वर्षे त्यांनी शेजाऱ्याच्या छपराखाली काढली. १९४८ साली एफ. ए. करंडक, १९५२ साली लीगचे अजिंक्यपद आणि मग कोवळ्या मुलांना घेऊन घडविलेल्या संघाच्या बळावर १९५६ आणि १९५७ सालची अजिंक्यपदे, असा हा चढता आलेख होता.

म्युनिक

६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून युरोपियन करंडकाचा सामना खेळून परतणारे युनायटेडचे विमान इंधनासाठी म्युनिकला उतरले. धावपट्टीवर बर्फाचा चिखल साचला होता. दोनदा उड्डाण सोडून द्यावे लागले. तिसऱ्या प्रयत्नात विमान कुंपण तोडून कोसळले. विमानात ४४ जण होते, त्यांपैकी २३ जण दगावले. त्यांत आठ खेळाडू होते. अवघ्या एकविसाव्या वर्षी देशभर गाजलेला डंकन एडवर्ड्‌स पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून गेला. बझ्बी स्वतः प्राणवायूच्या तंबूत निपचित पडले होते. त्यांना दोन वेळा अंतिम अभ्यंग संस्कार देण्यात आला. त्यांचे सहायक जिमी मर्फी त्या आठवड्यात वेल्सच्या राष्ट्रीय संघाबरोबर होते म्हणून बचावले. उरलेल्या व उसन्या खेळाडूंना घेऊन संघ पुन्हा उभा करण्याचे काम त्यांनी केले. अपघातानंतरचा पहिला सामना १९ फेब्रुवारीला झाला. त्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या, कारण कोण खेळणार हे छपाईच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

मृतांच्या यादीत आणखी एक नाव होते: फ्रँक स्विफ्ट. सिटीचा तोच गोलरक्षक. निवृत्तीनंतर तो वृत्तपत्रात लिहू लागला होता आणि वार्ताहर म्हणून त्या विमानात बसला होता. म्हणजे म्युनिकच्या अपघातात युनायटेडने आपला संघ गमावला आणि सिटीने आपला लाडका वीर गमावला. मँचेस्टरच्या लाल आणि निळ्या या दोन्ही रंगांच्या घरांत एकाच वेळी दिवे मंदावले. बझ्बी शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या वाट्याला आपण घडविलेल्या मुलांचे दुःख होते, तसेच चोवीस वर्षांपूर्वी ज्याच्यासह करंडक जिंकला त्या जुन्या सोबत्याचेही होते. हे काम सोडून द्यावे असे त्यांना वाटू लागले होते. पत्नी जीन यांनी त्यांना धीर देऊन परत उभे केले.

दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, युनायटेडने वेम्ब्लीवर बेनफिकाला ४-१ असे हरवून युरोपियन करंडक जिंकला. म्युनिकमधून वाचलेले बॉबी चार्लटन आणि बिल फोक्स त्या संघात होते. त्याच महिन्यात सिटीने युनायटेडला मागे टाकून इंग्लंडचे अजिंक्यपद पटकावले होते. एका शहराने एकाच महिन्यात दोन्ही मुकुट मिरविले. बझ्बींना त्याच वर्षी ‘सर’ हा किताब मिळाला. १९७२ साली पोप महोदयांनी त्यांना संत ग्रेगरी यांच्या नावाच्या सन्मानाने गौरविले. २० जानेवारी १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

पडद्यापलीकडचा शेजारी

शँक्ली यांचा पिंड वेगळा. बझ्बी मितभाषी व सौम्य, तर शँक्ली म्हणजे धगधगती शेगडी. डिसेंबर १९५९ मध्ये ते लिव्हरपूलला आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत खितपत पडला होता. १९६२ साली त्यांनी त्याला वर आणले, १९६४, १९६६ आणि १९७३ साली अजिंक्यपद मिळवून दिले आणि १९६५ व १९७४ साली एफ. ए. करंडक जिंकला.

लिव्हरपूल शहरात दुसरा मोठा क्लब म्हणजे एव्हर्टन. या दोघांचा जन्मच भांडणातून झाला. आज लिव्हरपूलचे असलेले ॲनफिल्ड मैदान १८९२ पर्यंत एव्हर्टनचे होते. मैदानाच्या भाड्यावरून तंटा झाला, एव्हर्टनवाले उद्यान ओलांडून गुडिसन पार्कला गेले, आणि रिकाम्या मैदानासाठी जागामालकाने नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. एखाद्या एकत्र कुटुंबात वाटणी व्हावी आणि दोन भावांची दारे एकाच अंगणात समोरासमोर यावीत, तसा हा प्रकार. म्हणूनच येथील वैरात आपलेपणाही मिसळलेला आहे. एकाच घरात बाप निळा आणि मुलगा लाल, असे सर्रास आढळते.

शँक्ली एव्हर्टनची टिंगल करण्याची एकही संधी सोडत नसत. या नगरीत दोनच थोर संघ आहेत, एक लिव्हरपूलचा आणि दुसरा लिव्हरपूलचाच राखीव खेळाडूंचा, असे ते म्हणत, ही आख्यायिका तेथे आजही सांगतात. आश्चर्य असे की एव्हर्टनच्या लोकांनाच ही थट्टा सर्वांत अधिक आवडे. थट्टा करणाऱ्याच्या डोळ्यांत विष नाही, हे लोकांना चटकन कळते.

या थट्टेची खरी परीक्षा त्यांच्या निवृत्तीनंतर झाली. जुलै १९७४ मध्ये शँक्लींनी अनपेक्षितपणे पद सोडले. फुटबॉलवाचून त्यांना करमेना. जुन्या क्लबाच्या सराव मैदानावर ते जात राहिले. पण माजी मॅनेजर रोज हजर राहिला तर नव्या मॅनेजरची अडचण होते, आणि हळूहळू तेथे आपले येणे नकोसे झाले आहे असे त्यांना जाणवले. त्यांचे राहते घर एव्हर्टनच्या बेलफिल्ड या सराव मैदानाला लागूनच होते. आयुष्यभर ज्यांना डिवचले, त्यांनी या एकाकी झालेल्या मनुष्याला आपले फाटक उघडून दिले. लिव्हरपूलपेक्षा एव्हर्टनने आपले अधिक प्रेमाने स्वागत केले, ही खंत शँक्लींनी १९७६ सालच्या आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. या प्रसंगात दोष कोणाचा, हा न्यायनिवाडा आम्ही करीत नाही; नव्या माणसाला मोकळेपणाने काम करू देणे हेही क्लबाचे कर्तव्यच होते. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की स्वकीयांचे दार अर्धवट लागले तेव्हा परक्यांचे दार सताड उघडे होते.

२९ सप्टेंबर १९८१ रोजी शँक्ली वारले. त्या दिवशी मँचेस्टरमध्ये बझ्बी इतके खिन्न झाले की कोणाचा दूरध्वनीसुद्धा त्यांनी घेतला नाही. ही दोन शहरे एकमेकांचा द्वेष करण्यात जराही कसूर करीत नाहीत. त्यांचे दोन सेनापती मात्र अखेरपर्यंत मित्र होते.

प्रोटेस्टंट मनुष्य, कॅथलिक क्लब

तिसरी कथा ग्लासगोची, आणि ती सर्वांत कठीण. येथील वैरात रंगांबरोबर धर्मही मिसळलेला आहे. बटाट्याच्या दुष्काळानंतर आयर्लंडमधून हजारो कॅथलिक पोट भरण्यासाठी ग्लासगोत आले. शहराच्या पूर्व भागातील झोपड्यांत त्यांची मुले अर्धपोटी राहत. मॅरिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड हे तेथील शाळेत मुख्याध्यापक होते. या मुलांच्या जेवणासाठी निधी उभा राहावा म्हणून त्यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १८८७ मध्ये सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात एका फुटबॉल क्लबाची स्थापना झाली. तोच सेल्टिक. त्याचा पहिला सामना मे १८८८ मध्ये झाला तो रेंजर्स या क्लबाच्या खेळाडूंशी, आणि खेळीमेळीने झाला. पुढे मात्र रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा मानबिंदू बनला. कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही, असा अलिखित नियम तेथे दीर्घकाळ चालला. १९८९ साली मो जॉन्स्टनला घेऊन मॅनेजर ग्रॅम सूनस यांनी तो उघडपणे मोडला.

अशा शहरात बर्नबँकच्या प्रोटेस्टंट घरातला जॉक स्टीन १९५१ साली सेल्टिकचा खेळाडू झाला. वेल्समधील एका लहान क्लबाकडून अवघ्या १,२०० पौंडांत त्याला आणले होते, तेही राखीव संघातील पोरांना वळण लावण्यासाठी. गावातील काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी संबंध तोडले. तो मात्र सेल्टिकचा कर्णधार झाला आणि १९५४ साली लीग व करंडक दोन्ही जिंकून दिले. मार्च १९६५ मध्ये स्टीन सेल्टिकचे मॅनेजर झाले. त्या पदावर बसलेले ते पहिलेच प्रोटेस्टंट. १९६६ ते १९७४ अशी सलग नऊ वर्षे त्यांनी अजिंक्यपद जिंकले. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे इटलीच्या इंटर मिलान संघाला २-१ असे हरवून युरोपियन करंडक जिंकणारा सेल्टिक हा ब्रिटनमधील पहिला क्लब ठरला. त्या संघातील अकराही जण सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. त्यांत कॅथलिक होते तसे प्रोटेस्टंटही होते. गोलरक्षक रॉनी सिम्प्सनचे वडील तर रेंजर्सचे नामांकित खेळाडू होते. त्या संध्याकाळी लिस्बनला अभिनंदनासाठी शँक्ली जातीने हजर होते. पुढे १९७१ साली मँचेस्टर युनायटेडला नवा मॅनेजर हवा होता, तेव्हा बझ्बींनी बोलावणे धाडले ते स्टीन यांनाच. स्टीन गेले नाहीत. यावरून या तिघांमधील परस्परविश्वास दिसून येतो.

रेंजर्सच्या लोकांनी स्टीन यांचा आदर करावा, यासाठी स्टीन यांनी त्यांची मनधरणी कधी केली नाही. उलट नऊ वर्षे त्यांना अजिंक्यपदापासून वंचित ठेवले. तरीही तो आदर वाढला, त्याला दोन कारणे आम्हांला दिसतात. पहिले असे की स्टीन यांनी आपल्याच लोकांच्या द्वेषाला पाठीशी घातले नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये स्टर्लिंग येथील सामन्यात सेल्टिकचे काही पाठीराखे द्वेषाची गाणी गात होते. स्टीन तडक प्रेक्षकांच्या गर्दीत शिरले आणि त्यांनी त्यांना खडसावले. विजयाच्या शिखरावर असलेल्या सेनापतीने स्वतःच्या सैन्याला असे भर मैदानात सुनावणे सोपे नसते. परक्यांचे दोष दाखविणारे पुढारी प्रत्येक समाजाला हवे तेवढे मिळतात. आपल्यांचे दोष आपल्यांच्या तोंडावर सांगणारा एखादाच असतो.

दुसरे कारण म्हणजे २ जानेवारी १९७१ हा दिवस.

तेरावा जिना

त्या दिवशी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर दोन्ही क्लबांचा नववर्षाचा सामना होता. शेवटच्या क्षणांत सेल्टिकच्या जिमी जॉन्स्टनने गोल केला आणि लागलीच रेंजर्सच्या कॉलिन स्टीनने बरोबरी साधली. सामना संपला. तेराव्या क्रमांकाच्या उंच जिन्यावरून रेंजर्सचे प्रेक्षक उतरत असताना कोणीतरी पडले, त्यांच्यावर मागचे पडले, आणि काही क्षणांत माणसांचा ढीग झाला. ६६ जण गुदमरून मेले, दोनशेहून अधिक जखमी झाले. मार्किंच या एका लहान गावातील पाच शाळकरी मुले त्यांत होती. बरोबरीच्या गोलाचा जल्लोष ऐकून बाहेर पडलेले लोक मागे फिरले म्हणून चेंगराचेंगरी झाली, असे कित्येक वर्षे सांगितले जात असे. चौकशीत ते खरे ठरले नाही. सारे जण एकाच दिशेने खाली उतरत होते. त्याच जिन्यावर १९६१ सालीही दोन माणसे दगावली होती. जिन्याचा दोष मरणाऱ्यांच्या उत्साहावर ढकलणे लोकांना अधिक सोयीचे वाटले असावे.

त्या संध्याकाळी स्टीन आणि रेंजर्सचे मॅनेजर विली वॉडेल हे दोघे जखमींच्या मदतीला धावले. मेलेले सर्व प्रतिपक्षाचे पाठीराखे होते; स्टीन यांच्या दृष्टीने त्या क्षणी पक्ष उरलाच नव्हता. माणसाच्या मरणापुढे धर्मांधता आणि द्वेष या किती क्षुद्र गोष्टी आहेत, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी नंतर काढले. वॉडेल यांनी तर आपल्या खेळाडूंना नेमून दिले की प्रत्येक मृताच्या अंत्यविधीला क्लबातील कोणीतरी गेलेच पाहिजे. पुढे त्यांनी आयब्रॉक्सची पुनर्रचना करून घेण्याचा ध्यास घेतला. २७ जानेवारीला मृतांच्या कुटुंबीयांच्या निधीसाठी हॅम्पडन मैदानावर सामना झाला. एका बाजूला स्कॉटलंडचा संघ, तर दुसऱ्या बाजूला रेंजर्स आणि सेल्टिक यांचा मिळून एकच संघ! ८१ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी हे दृश्य पाहिले.

त्या काळी सेल्टिकमध्ये केनी डाल्ग्लिश नावाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू होता. प्रोटेस्टंट घरातला, लहानपणी रेंजर्सचा चाहता, आणि स्टीन यांच्या हाताखाली तयार होत असलेला. त्या भीषण दिवशी तो आयब्रॉक्सवर होता. अठरा वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे चेंगरले गेले. २०२१ साली मरण पावलेल्या जखमीला धरून या दुर्घटनेतील मृतांची संख्या ९७ आहे. तेव्हा लिव्हरपूलचा मॅनेजर होता हाच डाल्ग्लिश. तो आणि त्याचे खेळाडू एकामागून एक अंत्यविधींना जात राहिले. एकाच दिवशी चार-चार घरांतही गेले. आठवड्याभराने ॲनफिल्डपासून गुडिसन पार्कपर्यंत, उद्यानाच्या आरपार, लाल आणि निळ्या गळपट्ट्यांची एक अखंड साखळी बांधली गेली. १८९२ साली जे अंगण दुभंगले होते, ते त्या दिवशी लोकरीच्या धाग्यांनी जोडले गेले. दुर्घटनेनंतर लिव्हरपूलचा संघ प्रथम मैदानात उतरला तो ग्लासगोला, सेल्टिकच्या मैदानावर. आणि पुढचा सामना झाला एव्हर्टनशी. डाल्ग्लिश यांच्या त्या दिवसांतील वागण्यामुळे एव्हर्टनच्या लोकांच्या मनात त्यांचे स्थान कायमचे पक्के झाले. गुरूचे शिक्षण शिष्यात असे उतरते.

कार्डिफची रात्र

१० सप्टेंबर १९८५. स्टीन आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर होते. त्यांचे सहायक होते रेंजर्सचे माजी खेळाडू ॲलेक्स फर्ग्युसन, जे पुढे बझ्बींच्या युनायटेडचे मॅनेजर झाले. कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध बरोबरी मिळाली तर स्कॉटलंडची विश्वचषकाची आशा जिवंत राहणार होती. वेल्स एका गोलाने पुढे होते. सामना संपण्यास थोडा वेळ उरला असताना पेनल्टी मिळाली. ती मारायला पुढे आला डेव्ही कूपर, रेंजर्सचा खेळाडू, आणि स्टीन यांच्याच हॅमिल्टनचा सुपुत्र. त्याने गोल केला. काही मिनिटांतच स्टीन मैदानाकाठी कोसळले आणि तेथील वैद्यकीय खोलीत त्यांचे प्राण गेले. सेल्टिकच्या सर्वांत थोर मॅनेजरला शेवटचा आनंद दिला तो रेंजर्सच्या पायाने. प्रेक्षकांत त्या रात्री हिरवे आणि निळे दोघेही होते, आणि बातमी पसरताच विश्वचषकाचा विचार कोणाच्याच मनात राहिला नाही.

यावरून ग्लासगोतील वैर संपले, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. ते संपलेले नाही. आयब्रॉक्सच्या दुःखानंतर जन्मलेला बंधुभाव फार काळ टिकला नाही, आणि द्वेषाची गाणी पुन्हा ऐकू आली. म्युनिकच्या मृतांची टवाळी करणारी गाणीही इंग्लंडमधील मैदानांवर कित्येक वर्षे गायली गेली. थोर माणसाविषयीचा आदर समूहाचा स्वभाव बदलून टाकतो, असे इतिहास सांगत नाही. मग अशा माणसांचा उपयोग काय?

याचे उत्तर १० फेब्रुवारी २००८ रोजी मिळाले असे आम्हांला वाटते. म्युनिकला पन्नास वर्षे झाली होती आणि ओल्ड ट्रॅफर्डवर योगायोगाने सामना होता युनायटेड आणि सिटी यांचाच. सामन्याआधी एक मिनिट मौन पाळायचे होते. सिटीचे पाठीराखे ओरडून मौन मोडतील, अशी धास्ती उघड बोलली जात होती. दोन्ही संघ जाहिरातींविना, जुन्या धर्तीच्या सदऱ्यांत मैदानात आले. शिट्टी वाजली आणि शांतता पसरली. सिटीच्या हजारो लोकांनी ती अखेरपर्यंत पाळली. युनायटेडच्या आठ मुलांसाठी त्यांनी मान झुकविली. त्यात फ्रँक स्विफ्टसाठीही झुकविली आणि एके काळी आपलाच सदरा अंगावर मिरविणाऱ्या मॅट बझ्बींसाठीही. नंतर सामना सुरू झाला, आणि तो सिटीने २-१ असा जिंकला.

अशी माणसे वैर मिटवीत नसतील. पण वैराच्या भिंतीत ती एक दार ठेवून जातात. एरवी ते बंदच असते. संकटाच्या दिवशी मात्र दोन्हीकडच्या लोकांना ते कोठे आहे हे ठाऊक असते. बझ्बी, शँक्ली, स्टीन यांपैकी कोणीही तटस्थ नव्हते. तिघांनाही जिंकायचे होते आणि तिघांनीही प्रतिपक्षाला मनसोक्त हरविले. परंतु हरलेल्याच्या घरी मरण आले तर त्याच्या दाराशी जायचे, आपल्या माणसांनी शिवी दिली तर आपल्याच माणसांना थांबवायचे, आणि आपण एके काळी ज्याचे अन्न खाल्ले त्याला विसरायचे नाही, एवढे तीन साधे नियम त्यांनी पाळले. आपल्या गावांतही आळ्या आहेत, संघ आहेत, निवडणुकांचे तट आहेत, आणि एकाच देवळाच्या बाकांवर बसून एकमेकांशी न बोलणारी कुटुंबेही आहेत. हे तीन नियम तेथेही लागू पडतात. ते पाळण्यासाठी फुटबॉल येणे आवश्यक नाही.